दिवसभर फोनवर बोलणाऱ्यांसाठी हेडसेट: वायरचा घ्यावा की बिनतारी?

प्रश्न: गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक सिंचनाचे साहित्य आणि केळीची ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपे पुरवणाऱ्या एका कार्यालयात मी दूरध्वनी विभाग सांभाळते. आमच्याकडे नऊ जण सकाळी साडेनऊपासून सायंकाळी सहापर्यंत फोनवर असतात, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की जून-जुलैमध्ये लावायच्या मृग बागेच्या रोपांची मागणी अशी सुरू होते की एक फोन खाली ठेवेपर्यंत दुसरा वाजलेला असतो. आजवर हे सगळे काम साध्या रिसीव्हरवर चालत आले आहे. मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यावर दाबून धरायचा आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक आणि रोपांची संख्या संगणकावर टिपत राहायची, ही सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेली रीत आहे. या रीतीमुळे आमच्यातील दोघींची मान गेल्या वर्षी इतकी धरली की एकीला तीन आठवडे गळ्यात पट्टा घालून कामावर यावे लागले. त्यानंतर व्यवस्थापनाने नऊ हेडसेट घेण्यास मंजुरी दिली.

दरपत्रके मागवली तेव्हा एका विक्रेत्याने सरसकट नऊही बिनतारी घ्या असा आग्रह धरला. त्याच्या दरपत्रकात बिनतारी हेडसेटची किंमत वायरच्या हेडसेटच्या जवळजवळ चौपट आहे. पैसा योग्य कारणासाठी जात असेल तर माझी हरकत नाही, पण नऊ जणांपैकी सात जण जेवणाची सुट्टी सोडली तर जागेवरून हलत नाहीत. उरलेल्या दोघांना मात्र बोलता बोलता मागच्या गोदामात जाऊन लॅटरलची (ठिबकच्या नळ्यांची) बंडले किंवा रोपांचे ट्रे शिल्लक आहेत का ते पाहावे लागते. गोदाम आमच्या खोलीपासून साधारण चाळीस पावलांवर आहे. खोलीचे छत पत्र्याचे असून उन्हाळ्यात दोन मोठे कूलर चालू असतात, आणि मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ अंशांवर गेला की त्यांच्या आवाजात शेजारच्या टेबलावरचे बोलणेही ऐकू येत नाही. वीजही अधूनमधून जाते. आमच्या ईपीएबीएक्सला, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत एक्स्चेंजला, बॅटरी आहे, त्यामुळे फोन चालू राहतात, मात्र टेबलावरचे प्लग बंद पडतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझा प्रश्न पूर्ण होणार नाही. गेल्या जूनमध्ये रावेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने गाडीचालकासाठी आपला मोबाइल क्रमांक फोनवर सांगितला, आणि त्यातला एक ‘सात’ आमच्याकडे ‘आठ’ असा टिपला गेला. चालक भलत्याच क्रमांकावर फोन लावत राहिला, रोपांची गाडी भर दुपारी फाट्यावर अडीच तास उभी राहिली, आणि ताडपत्रीखालच्या ट्रेमधील कोवळ्या रोपांनी माना टाकल्या. आम्ही रोपे बदलून दिली, परंतु त्या शेतकऱ्याचा लागवडीचा दिवस गेला तो गेलाच. ज्या मुलीने क्रमांक टिपला ती चार वर्षे हेच काम करते आहे आणि तिचे कान उत्तम आहेत. म्हणून हेडसेट निवडताना मला मानेइतकाच ऐकू येण्याचाही विचार करायचा आहे. ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर: जुना लाइनमन, भुसावळ

ताई, आपण कामाची जागा नीट डोळ्यांसमोर उभी केली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतरही ओळखीच्या कार्यालयांमधील ईपीएबीएक्स मी पाहतो. वायर की बिनतारी हा विचार करण्याआधी आपण टेबलावरचा फोन उलटा करून त्याची खालची आणि मागची बाजू पाहावी, अशी माझी विनंती आहे. रिसीव्हरची गुंडाळीची वायर फोनमध्ये जिथे जाते तिथला प्लग भिंतीकडे जाणाऱ्या वायरच्या प्लगपेक्षा अरुंद असतो, आणि त्यात चार तारा असतात, दोन बोलण्याच्या व दोन ऐकण्याच्या. हेडसेटसाठी अशीच दुसरी खाच फोनला असेल आणि वर हेडसेटचे चित्र असलेले बटण असेल, तर निम्मे काम झाले म्हणून समजा. तशी खाच नसेल तर रिसीव्हरची वायर काढून त्याच जागी हेडसेट लावावा लागतो, आणि प्रत्येक फोन घेताना रिसीव्हर उचलून बाजूला ठेवण्याची कसरत उरते. त्या चार तारांचा क्रमही प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सारखा नसतो. क्रम चुकला की समोरच्याचा आवाज येतो पण आपला जात नाही, आणि हेडसेट खराब निघाला म्हणून लोक तो परत पाठवतात. म्हणून फोनचे मॉडेल विक्रेत्याला लेखी कळवून त्यालाच योग्य वायर द्यायला लावावी.

वायरच्या हेडसेटमध्ये मध्यावर हाताने सुटणारा जोड असलेलाच घ्यावा. त्याला बाजारात क्यूडी म्हणतात. या जोडामुळे हेडसेट डोक्यावर तसाच ठेवून माणूस पाणी प्यायला उठू शकतो, हे तर आहेच, पण माझ्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग दुरुस्तीत आहे. वायरचा हेडसेट बहुतेक वेळा एकाच कारणाने मरतो: खाली लोंबणाऱ्या वायरवरून खुर्चीचे चाक जाते किंवा प्लगच्या मानेपाशी तार आतून तुटते. असा जोड असेल तर फक्त खालची वायर बदलली की भागते, नाहीतर अख्खा हेडसेट टाकावा लागतो. मात्र एका कंपनीचा जोड दुसऱ्या कंपनीच्या जोडात बसेलच असे नाही. प्लॅन्ट्रॉनिक्सचा आणि जाब्राचा जोड एकमेकांत बसत नाही. प्लॅन्ट्रॉनिक्सने २०१९ साली पॉली हे नाव घेतले, तेव्हा जुन्या वायरी कपाटात असतील तर त्या कोणत्या नावाच्या हेडसेटला लागतील हे त्यावरून लक्षात येईल. नऊही जागी एकाच कंपनीचा माल ठेवावा आणि दोन वायरी जादा घेऊन ठेवाव्यात.

आता बिनतारीकडे येतो. टेबलावरच्या फोनसाठीचे बिनतारी हेडसेट दोन जातींचे असतात, ब्लूटूथचे आणि डेक्टचे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. याच पट्ट्यात आपले वायफाय चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही याच पट्ट्यात येते. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडसेटचा पल्ला दहा मीटर धरतात. डेक्ट मात्र बिनतारी टेलिफोनसाठीच बांधलेली पद्धत आहे. तिचा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा वेगळा असल्याने वायफायशी तिचे भांडण नाही, उघड्यावर तिचा पल्ला शंभर मीटरपर्यंत जातो आणि भिंती मध्ये आल्या तरी तीस-चाळीस मीटर सहसा मिळतात. तिच्यात साध्या आवाजाची एकशे वीस संभाषणे एका वेळी बसतात, त्यामुळे आपल्यासारख्या नऊ जणांच्या खोलीत गर्दीचा प्रश्न येत नाही. गोदामात जाणाऱ्या दोघांसाठी डेक्टच घ्यावा, जागेवर बसणाऱ्या सात जणांना वायरचा द्यावा. एक इशारा मात्र देतो. कोणाचे नातेवाईक अमेरिकेतून स्वस्तात डेक्ट हेडसेट आणून देतो म्हणाले तर घेऊ नका. अमेरिकेतील डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडे २१०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल सेवेत मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरी १९२० पासूनच सुरू होतात. तो हेडसेट आपल्या टेबलावर चांगला चालेल आणि आसपासच्या लोकांचे मोबाइल बिघडवेल.

विजेचा मुद्दा आपण स्वतःच लिहिला आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बिनतारी हेडसेटचा बेस, म्हणजे फोनला जोडून टेबलावर ठेवायचा त्याचा भाग, स्वतःच्या अडॅप्टरवर चालतो. वीज गेली की ईपीएबीएक्स चालू राहील, टेबलावरचा फोन वाजेल, पण बेस मेलेला असेल. फोनलाच जोडलेल्या वायरच्या हेडसेटला वेगळी वीज लागत नाही, तो फोनकडूनच घेतो. निदान ते दोन बेस तरी यूपीएसवर घ्यावेत.

सात आणि आठची गोष्ट वाचून मला वाईट वाटले, नवल मात्र वाटले नाही. जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे नेते. मराठीतल्या ‘स’चा बहुतेक जोर त्याच्या वर असतो. तेव्हा ‘सात’ मधला ‘स’ वाटेत झिजतो, कानापर्यंत ‘आत’ पोहोचते, आणि कान ते ‘आठ’ म्हणून पुरे करतो. ‘साठ’ म्हटले तरी उरते ते ‘आठ’च. आपल्या मुलीच्या कानाचा यात दोष नाही. हेडसेट आणि फोन दोन्ही रुंद पट्ट्याचे असतील, म्हणजे सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत आवाज देणारे असतील, आणि मोबाइलवरून आलेला फोन आपल्या ईपीएबीएक्सपर्यंत तसाच रुंद येत असेल, तर फरक पडतो. मधली एक कडी जरी जुनी असेल तर सगळा आवाज तिच्याच मापाचा होतो. म्हणून आपल्या लाइन साध्या तांब्याच्या आहेत की नव्या पद्धतीच्या, हे आधी विचारून घ्या. जुन्या असतील तर ‘रुंद पट्टा’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.

उत्तर: पांझरा, धुळे

ताई, मी धुळ्यात एका रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात नऊ वर्षे फोनवर काम करते आहे. त्यातली पहिली तीन वर्षे रिसीव्हरवर गेली, नंतरची दोन बिनतारी हेडसेटवर आणि त्यापुढची सर्व वायरच्या हेडसेटवर, त्यामुळे माझे मत डोक्यावर घालणाऱ्या बाईचे आहे असे समजावे.

बिनतारी हेडसेट आला तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी दुपारी तीनलाच संपू लागली. त्या हेडसेटची बॅटरी बदलता येत नव्हती, आणि घेताना हे कोणी विचारले नव्हते. एकदा एका रुग्णाच्या मुलाला मी डायलिसिसची बदललेली वेळ सांगत होते, आणि वाक्याच्या मध्येच हेडसेट बंद पडला. त्याने अर्धी वेळ ऐकली, म्हणजे ‘साडे’ ऐकले आणि पुढचा आकडा ऐकला नाही. त्याने परत फोन लावला तेव्हा लाइन व्यस्त, मी लावला तेव्हा त्याची व्यस्त, अशी वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांत त्या घरात काय झाले असेल याचा विचार मी अजून करते. म्हणून जागेवर बसून काम करणाऱ्या सातही जणांना वायरचाच हेडसेट द्यावा, हे लाइनमनकाकांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

एका बाबतीत मात्र मी काकांच्या पुढे जाईन. जागेवरून न हलणाऱ्या माणसालाही उभे राहण्याची गरज असते. साडेआठ तास बसून पाठीचे जे होते ते मानेच्या दुखण्यापेक्षा कमी नसते. फोनवर बोलत असतानाच उभे राहता यावे म्हणून खालची वायर दोन मीटरच्या आसपास लांब घ्यावी आणि ती टेबलाच्या कडेला चिमट्याने अडकवून ठेवावी, म्हणजे ती चाकाखालीही जाणार नाही आणि उभे राहिल्यावर डोक्याला हिसकाही बसणार नाही.

आता डोक्यावरच्या गोष्टी. कानाची गादी दोन प्रकारची मिळते, फोमची आणि रेक्झिनसारख्या कातडीची. कातडीची गादी बाहेरचा आवाज चांगला अडवते, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात कानाभोवती घामाची धार लागते, आणि घामाने कातडीला बारीक भेगा पडून तिचे तुकडे केसांत अडकतात. फोमची गादी हवा खेळू देते, पण कूलरचा आवाजही आत सोडते. मी उन्हाळ्यात फोम आणि एरवी कातडी वापरते, कारण गाद्या वेगळ्या विकत मिळतात आणि ओढून बदलता येतात. विकत घेताना गाद्या सुट्या मिळतात का ते विचारावे. आणि काहीही झाले तरी एकाची गादी दुसऱ्याने वापरू नये, दोन पाळ्या असतील तर प्रत्येकीची गादी नाव घालून वेगळी ठेवावी.

एका कानाचा घ्यावा की दोन कानांचा, यावर आमच्या कक्षात पुष्कळ वाद झाला. एका कानाचा असेल तर शेजारची सहकारी हाक मारते ती ऐकू येते. पण आपल्या वर्णनातील दोन कूलर असतील तर दुसरा कान उघडा राहिल्याने कूलर ऐकायचा आणि फोनचा आवाज वाढवत न्यायचा, असेच होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास एवढी मर्यादा सांगते, आणि आवाज ९० डेसिबलवर गेला की तीच मर्यादा चार तासांवर येते. तुमच्या विभागाचे फोनवरचे तास मोजले तर आठवड्याला चाळीसच्या वर जातात. म्हणजे आवाजाची कळ दोन खुणा वर सरकवण्याची किंमत कानाला लगेच मोजावी लागते. तेव्हा कूलर चालणाऱ्या खोलीत दोन कानांचाच घ्या, आणि कूलरचे तोंड फोनवाल्यांच्या डोक्यावरून न जाता बाजूने जाईल असे फिरवून घ्या. या दुसऱ्या उपायाला पैसे लागत नाहीत, आणि आमच्याकडे त्याचा फरक पहिल्याच दिवशी कळला.

माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटे दूर, किंचित खाली ठेवावी. तोंडासमोर ठेवली की ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना पलीकडच्याच्या कानात वारा घुसतो. काचेच्या बांगड्या घालून टाइप केले तर त्यांची किणकिण पलीकडे स्पष्ट जाते. सतत चालणारी घरघर माइक दाबू शकतो, पण असा टोकदार, तुटक आवाज तो सहज दाबत नाही. पदरावर किंवा मंगळसूत्रावर वायर घासली की कानात खरखर येते, त्यासाठी वायर खांद्याच्या मागून घ्यावी.

उत्तर: केळीपट्टा, रावेर

मी फोन घेणारा नाही, फोन करणारा आहे. बावीस वर्षे केळी लावतो आणि दर हंगामात अशा कार्यालयांना पन्नास फोन तरी करतो. शेतकरी बागेतून बोलतो, मागे मोटार चालू असते, वारा पानांतून वाजत असतो, त्यामुळे आमच्याकडचा आवाज तुमचा कोणताही हेडसेट सुधारू शकत नाही, हे आधी मान्य करतो. आम्हाला तुमचा आवाज कसा येतो एवढेच मी सांगू शकतो. बोलता बोलता गोदामात गेलेला माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा आवाज तुटतो. अशा वेळी त्याने “बघून पाच मिनिटांत फोन करतो” असे म्हटले तर आम्हाला राग येत नाही. अर्धवट ऐकून आम्ही गाडी ठरवतो तेव्हा नुकसान होते.

आकड्यांबद्दल एक विनंती आहे. क्रमांक घेताना दोन-दोन आकड्यांची जोडी न करता एकेक आकडा परत वाचून दाखवावा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे फोनवर सगळे सारखेच ऐकू येतात. आमच्याकडचे म्हातारे लेवा बोलीत आकडा सांगतात, त्यांना तर परत वाचून दाखवलेच पाहिजे.

उत्तर: यंत्रमित्र, चाळीसगाव

वरच्या उत्तरांत टेबलावरच्या फोनचा विचार झाला आहे. ताईंच्या कार्यालयात पुढेमागे संगणकावरून फोन घेण्याची पद्धत येणार असेल, आणि आता बहुतेक ठिकाणी ती येते आहे, तर काही गोष्टी आत्ताच ध्यानात ठेवाव्यात. मी संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि हेडसेटच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या अर्ध्याहून अधिक हेडसेटच्या नसतात.

संगणकाच्या आतल्या ब्लूटूथला हेडसेट जोडला की गाणी उत्तम ऐकू येतात, आणि फोन सुरू होऊन माइक चालू झाला की तोच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. यात बिघाड काही नसतो. ऐकण्याची आणि बोलण्याची अशी दोन्ही कामे एकदम करताना जुना ब्लूटूथ आवाजाचा पट्टा आखडून घेतो, कधी कधी तर जुन्या टेलिफोनइतका. म्हणून कार्यालयासाठीचा हेडसेट त्याच्यासोबत आलेल्या डोंगलवरच, म्हणजे यूएसबीच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या जोडणीवरच, चालवावा. डोंगल सीपीयूच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला लावू नये. माणसाचे शरीर, लोखंडी पेटी आणि भिंत या तिन्ही गोष्टी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात. त्याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे यूएसबी ३.० ची खाच आणि तिला जोडलेली हार्ड डिस्क चालू असताना नेमक्या याच पट्ट्यात विद्युत गोंगाट सोडते. मागच्या महिन्यात एका कार्यालयात पाच हेडसेटपैकी एकाचाच आवाज तुटत होता. तिथे डोंगलच्या शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली होती. हातभर लांबीची यूएसबी वायर घेऊन डोंगल टेबलावर आणला आणि तक्रार संपली.

बॅटरीबद्दल धुळ्याच्या ताईंनी जो अनुभव सांगितला त्याच्यामागचे कारण आपल्या हवेत आहे. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असे बनवणारे सांगतात, आणि गरम जागी पूर्ण भरलेली बॅटरी ठेवली की ती लवकर म्हातारी होते. पत्र्याखाली, खिडकीपाशी, दुपारच्या उन्हात चार्जिंगचा स्टँड ठेवला तर बॅटरीला हे दोन्ही त्रास रोज होतात. स्टँड खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा, आणि बॅटरी सुटी बदलता येणारेच मॉडेल निवडावे. खरेदी करताना खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. बिनतारी हेडफोन आणि इअरफोन सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत, आणि तो क्रमांक नसलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

‘नॉइज कॅन्सलिंग’ हा शब्द खोक्यावर पाहून लोक फसतात, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. त्याचे दोन वेगळे अर्थ आहेत. एक घालणाऱ्याच्या कानासाठी: बाहेरची एकसुरी घरघर मोजून तिच्या उलट लहर कानात सोडायची. कूलरच्या घरघरीवर हे उत्तम चालते, माणसांच्या बोलण्यावर फारसे चालत नाही. दुसरा अर्थ माइकचा आहे: आपल्या तोंडचा आवाज ठेवायचा आणि खोलीतला गोंगाट गाळायचा. याचा फायदा फक्त पलीकडच्याला मिळतो. विक्रेता पहिल्याचे पैसे घेऊन दुसरे देऊ शकतो, तेव्हा दोन्हींपैकी काय आहे हे विचारून लिहून घ्यावे.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे मनापासून आभार. भुसावळच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे सर्व फोन उलटे करून पाहिले. सहा फोनना हेडसेटची वेगळी खाच निघाली, तीन जुन्या फोनना नाही. आमच्या लाइनबद्दल विचारले तेव्हा दोन जुन्या तांब्याच्या आहेत आणि बाकीच्या दोन वर्षांपूर्वी बदललेल्या आहेत असे कळले, आणि ज्या फोनवर सातचा आठ झाला तो फोन जुन्या लाइनवर होता. हे मी त्या मुलीला दाखवले.

विक्रेत्याकडून वायरचा दोन कानांचा एक आणि डेक्टचा एक, असे दोन हेडसेट आठवडाभर वापरून पाहण्यासाठी मागून घेतले. कूलर चालू ठेवून आम्ही एक चाचणी केली. मी बाहेर उन्हात उभी राहून मोबाइलवरून वीस क्रमांक वाचले आणि आत चौघींनी आळीपाळीने ते टिपले. रिसीव्हरवर जुन्या लाइनमधून वीसपैकी तीन क्रमांकांत एखादा आकडा चुकला. दोन कानांच्या हेडसेटवर त्याच जुन्या लाइनमधून एक चुकला, आणि नव्या लाइनमधून एकही चुकला नाही. चाचणी लहान आहे याची मला जाणीव आहे, पण व्यवस्थापनासमोर ठेवायला ती पुरेशी झाली.

डेक्टच्या बाबतीत मात्र एक अडचण आली. गोदामाच्या दारापर्यंत आवाज स्वच्छ येतो, पण आत लोखंडी रॅकच्या दुसऱ्या रांगेपाशी तुटतो. चाळीस पावले म्हणजे तीस मीटरच्या आतले अंतर आहे, मग असे का व्हावे?

जुना लाइनमन, भुसावळ

ताई, अंतराचा हा दोष नाही. पत्रा आणि लोखंड लहरींना आरपार जाऊ देत नाहीत, उलटे परतवतात. आपला बेस टेबलावर, संगणकाच्या पडद्यामागे असेल. तो उचलून गोदामाकडच्या दाराच्या चौकटीवर, माणसाच्या डोक्याच्या वर लावून पाहा. त्याला फोनपासून चार तारांची लांब वायर लागेल, ती कोणीही तयार करून देईल. दार लोखंडी असेल तर कामाच्या वेळेत ते उघडे राहू द्या. आणि एवढे करूनही दुसऱ्या रांगेत तुटला, तर रावेरच्या दादांनी सुचवले तेच करा.

गिरणाकाठ, जळगाव

काका, बेस दाराच्या चौकटीवर लावला. दुसऱ्या रांगेपर्यंत आवाज येतो, तिसऱ्या रांगेत अजून तुटतो. तिथे रोपांचे ट्रे नसतात, फक्त जुने पाइप असतात, त्यामुळे तेवढ्यावर काम भागेल.

खरेदी अशी ठरली आहे. सात जागांसाठी वायरचे दोन कानांचे हेडसेट, मध्यावर सुटणाऱ्या जोडाचे आणि लांब वायरचे. प्रत्येकासोबत फोमच्या गाद्यांचा एक जोड वेगळा. दोन जागांसाठी बॅटरी बदलता येणारे डेक्ट, त्यांचे बेस यूपीएसवर आणि चार्जिंगची जागा खिडकीपासून दूर, फायलींच्या कपाटाशेजारी. नऊही बिनतारी घेतले असते तर जेवढा खर्च आला असता त्यातून जे वाचले, त्यात तीन जुने फोन आणि दोन्ही जुन्या लाइन बदलण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. आखाजीच्या आधी ते काम व्हावे असा माझा प्रयत्न आहे.

धुळ्याच्या ताईंचे ऐकून दोन्ही कूलर भिंतीकडे वळवले. आणि रावेरच्या दादांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक टेबलावर, संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कडेला एक कागद चिकटवला आहे: “क्रमांक एकेक आकड्याने परत वाचावा.” रोपांच्या गाडीसाठीचा तो मोबाइल क्रमांक टिपणाऱ्या मुलीनेच तो कागद स्वतःच्या अक्षरात नऊ वेळा लिहिला.